निवांत, घरपोच

४ फेब्रुवारी
रोजनिशी पुन्हा सुरू केली. उद्देश एकच, दिवसातून एकदा तरी खरं बोलायचं. लोगो आणि कार्डं करून देण्याच्या धंद्यात ते जमत नाही. आज चष्मेवाल्याला ‘कल्पना चांगली आहे’ म्हणालो. त्याला लोगोत दोन डोळे हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा आणि चष्म्याच्या काचेत त्याचं दुकान दिसायला हवं. दुकानावर पुन्हा लोगो. घरी येऊन उशीला दोन बुक्क्या मारल्या. उशीचा काही दोष नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.
संकल्प: क्लायंटशी स्पष्ट पण सौम्य बोलायचं. मेहुण्याशी बोलायचंच नाही.

६ फेब्रुवारी
मेहुण्याशी बोलावं लागणार. त्याने नोकरी सोडली. ढेकूण मारायचा धंदा काढतोय. फवारणीचा पंप, जुनी व्हॅन, रबरी बूट, सगळं घेऊनही झालं. बायकोने हे मी तोंडात घास घेतल्यावर सांगितलं. ती नेहमी तेव्हाच सांगते. त्याचा साहेब भला माणूस निघाला, मार्चअखेरपर्यंत त्याची खुर्ची रिकामी ठेवणार आहे. तोवर गिऱ्हाईक लागलं तर लागलं. नाहीतर पुन्हा तीच खुर्ची, तोच पंखा, निवृत्त होईपर्यंत. बायको म्हणाली, त्या खुर्चीत सुकत चालला होता रे तो, आता कुठे जरा हसायला लागलाय. तू त्याचं सगळं करून दे, आणि चांगलं करून दे. मी विचारलं, मी वाईट कधी केलं? ती पाणी आणायला उठली. पाण्याचा जग समोर भरलेला होता.
माझा मेहुण्यावर राग आहे का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही. फार वर्षांपूर्वी माझ्या एका लोगोकडे बघून त्याने, हे बदक का, असं विचारलं होतं. हंस होता. मी ते केव्हाच विसरलो.

९ फेब्रुवारी
पहिली मीटिंग, आमच्याच बाहेरच्या खोलीत. सासूबाईही आल्या. का, ते कुणी सांगितलं नाही. मेहुण्याने नाव ठरवूनच आणलं होतं: ‘खल्लास’. चित्रही त्याने स्वतः बॉलपेनने काढलेलं. उताणा ढेकूण, पाय वर, डोळ्यांच्या जागी फुल्या. चेहऱ्यावर थोडं हसू. ढेकणाच्या.
मी शांतपणे समजावलं. ब्रँडिंग म्हणजे सुचवणं, सांगणं नव्हे. आपण ढेकूण विकत नाही, झोप विकतो. म्हणून नाव ‘निवांत’. एका रेषेत काढलेला रिकामा पलंग, खाली ‘घरपोच’. बस्स.
मेहुणा म्हणाला, भावोजी, यात ढेकूण कुठाय? म्हटलं, नाहीच, तीच तर गंमत आहे. सासूबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, जावईबापू, पलंग रिकामा आहे, माणूस गेला का?
तिघंही हसले. त्या घरात सगळ्यांना एकदमच हसू येतं, हे मी लग्नापासून पाहतोय.

११ फेब्रुवारी
तडजोड केली. ‘ढेकूण, झुरळ, वाळवी’ ही ओळ घेतली. बारीक अक्षरात, फिक्या राखाडी रंगात. ज्याला खरोखर ढेकूण आहेत तो शोधून काढेल.

१२ फेब्रुवारी, सकाळ
कार्ड जमलं. फार सुंदर. मेहुणा धंद्यासाठी वेगळा फोन आणि नवं सिम घेणार आहे, नंबर नंतर कळवतो म्हणाला. तोपर्यंत जागा धरायला माझाच मोबाइल नंबर टाकलाय. बाकीचे डिझायनर नुसती शून्यं टाकून ठेवतात. शून्यांच्या रांगेवरून ओळीचं वजन कळत नाही. सात कसा झुकतो, चार कुठे टोचतो, हे खऱ्या आकड्यांशिवाय दिसत नाही. माझ्यात आणि बाकीच्यांत हाच फरक.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
मेहुणा म्हणतो, नंबर मोठा करा. कार्डावर मोठा, पत्रकावर मोठा, व्हॅनवर तर दाराएवढा. मी म्हटलं, नंबर ओरडायला लागला की ब्रँड मुका होतो. (हे वाक्य चांगलं आहे. जपून ठेवायचं.) तो म्हणाला, भावोजी, ब्रँडला कोण फोन करणार आहे? लोक नंबरला फोन करतात.
असल्या माणसाशी काय बोलणार? त्याला दारापर्यंत सोडायला गेलो नाही. मग वाईट वाटलं. खिडकीतून पाहिलं तर व्हॅनच्या रिकाम्या बाजूवरून हात फिरवत उभा होता, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. खिडकी लावली.

१५ फेब्रुवारी
मेहुण्याचा मेसेज. उघडला नाही. वरची ओळ दिसली: ‘भावोजी, हा घ्या एकदाचा’. पुढे काय असणार ते कळायला उघडावं लागत नाही. त्याला म्यूट केला. स्वाभिमान ही वस्तू मुळात शांत असते.

१८ फेब्रुवारी
बायकोने मध्यस्थी केली. मध्यस्थी म्हणजे, ‘कर मोठा’ असं म्हणाली आणि दिवा घालवला.
ठीक आहे. केला. असा मोठा केला की समोरच्या इमारतीतून चष्म्याशिवाय वाचता येईल. पलंग त्याच्याखाली चेंगरल्यासारखा दिसतो. बघ म्हणावं आता.
माझा एक नियम आहे. क्लायंटने नमुना तपासून खाली सही केल्याशिवाय मी छपाईला देत नाही, मग तो क्लायंट देव का असेना. मेहुण्याला बोलावलं. त्याने खिशातून पट्टी काढून नंबरची उंची मोजली. चक्क पट्टी. मी विचारलं, नंबर नीट बघितलास ना? म्हणाला, हां, आता कसा दिसतोय! ‘मजकूर तपासला, बरोबर आहे’ या ओळीखाली सही ठोकली. मी कागद फाइलला लावला. धंद्यात शिस्त लागते ती अशी.

२२ फेब्रुवारी
छपाई झाली. कार्डं, पत्रकं, व्हॅनच्या दोन्ही बाजूंचे स्टिकर. प्रेसवाल्याने नेहमीप्रमाणे, फायनल ना, असं विचारलं. एवढ्या वर्षांत या माणसाचा माझ्यावर विश्वास बसला नाही. फाइल उघडून सही दाखवली. त्याने मशीन सुरू केलं.
मेहुण्याने रबरी बूट घालून सगळ्या इमारतींच्या टपालपेट्यांत पत्रकं टाकली. पत्रकं टाकायला बूट कशाला?

२५ फेब्रुवारी
सकाळी अनोळखी नंबरवरून एका बाईचा फोन. कुजबुजत होती. तुम्ही घरी येता ना? मी विचारलं, आपण कोण? म्हणाली, नाव नका विचारू. दुपारी या, तेव्हा हे नसतात. गाडी जरा लांब लावा, शेजाऱ्यांना कळायला नको. गादी मी काढून ठेवते.
फोन ठेवला. माझे कान लाल झाले होते, असं बायको म्हणते. तिने, कोण, असं विचारलं. मी, राँग नंबर, असं म्हटलं. हे खरंच होतं. मग खोटं बोलल्यासारखं का वाटलं, यावर बराच विचार केला.

२७ फेब्रुवारी
पुन्हा एक बाई. तीही कुजबुजत. हिला दोन खोल्या करून हव्यात. नंतर एक वयस्कर गृहस्थ. निवांत का? म्हटलं, अजिबात नाही, कामात आहे. म्हणाले, मग निवांतचा नंबर कुठला? म्हटलं, मला विचारून उपयोग नाही, मी स्वतः शोधतोय. शिवी देऊन ठेवला.
चष्मेवाल्याला तिसरा नमुना पाठवला. डोळे काढून टाकले. त्याला अजून सांगितलेलं नाही.

१ मार्च
एकाने विचारलं, पलंगाचं चित्र आहे, मालिश करता का? दुसऱ्याने विचारलं, वडिलांना आणून सोडलं तर किती दिवस ठेवाल? मी म्हटलं, लाज वाटत नाही का? म्हणाला, वाटते, म्हणून तर फोनवर विचारतोय.
संध्याकाळी एका बाईने प्रथमच स्पष्ट शब्द वापरला. ढेकूण. आमच्याकडे ढेकूण झालेत, कधी येता?
एका क्षणात सगळा उलगडा झाला. मेहुणा! नंबरच्या भांडणाचा सूड. गिऱ्हाइकांना मुद्दाम माझा नंबर देतोय. राग आला होता, तरी आधी स्वतःला विचारलं, मी अन्याय तर करत नाही? सगळ्या बाजूंनी पाहिलं. नाही. दुसरं कारण संभवतच नाही.

४ मार्च
सासूबाईंकडे गेलो. सरळ विषय काढला. मेहुण्याला म्हटलं, हा थिल्लरपणा बंद कर. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडा. म्हणाला, भावोजी, कसली गिऱ्हाइकं? मला अजून एक फोन आलेला नाही. एक!
त्याचा धंद्याचा नवा फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. घरातले सगळे येता-जाता त्याच्याकडे बघत होते, आजारी माणसाकडे बघावं तसं. सासूबाई आवाज न करता भांडी घासत होत्या, मध्येच वाजला तर ऐकू यावा म्हणून.
मेहुणा म्हणाला, तुमच्या कार्डात दमच नाही. लोकांना वाटतं पलंगाचं दुकान आहे. मी म्हटलं, तुझ्यात दम नाही, कार्डाला बोलू नकोस. तो म्हणाला, बदक काढणाऱ्याने शिकवू नये. मी म्हटलं, हंस! हंस होता तो! सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, हळू, फोन वाजला तर कळायचं नाही.
परतताना बायको रस्ताभर माझ्यापुढे चालत होती.
निष्कर्ष: मेहुणा दुहेरी लबाड. गिऱ्हाइकं माझ्याकडे वळवतो आणि वर, गिऱ्हाइकं नाहीत, म्हणून कार्डाला दोष देतो. यात त्याचा फायदा काय ते अजून कळलेलं नाही. इतका खोल माणूस मी पाहिला नाही.

५ मार्च
बायकोने अबोला धरला आहे. फायदे: शांतता. कामाला वेळ.

७ मार्च
दिवसभर शांतता होती. काम झालं नाही.
दुपारी स्वतःलाच प्रश्न विचारला, खरंच कार्डात काही चूक असेल तर? मोठ्या मनाच्या माणसाने हे तपासलंच पाहिजे. फ्रिजवर बायकोने चुंबकाने लावलेलं कार्ड काढून आणलं, दिव्याखाली धरलं, भिंग घेतलं. दुपार त्यात गेली. आणि सापडली! नंबरमध्ये सात आणि एक यांच्यात जागा केसभर जास्त पडली आहे. बाकी निर्दोष. आकडे इतके सहज बसलेत की जन्मापासून ओळखीचे वाटतात. चांगल्या डिझाइनची हीच खूण, नवी गोष्ट आपलीच वाटायला लागते.
कार्ड परत फ्रिजवर लावलं. सात आणि एकचं कुणाला सांगायचं नाही.

११ मार्च
फोनचा सुळसुळाट. आता मीही मागे हटत नाही. एकाला सांगितलं, ढेकूण तुमचे, तुम्ही वाढवलेत, मला का सांगता? एकीला म्हटलं, त्यांना नावं ठेवा, लळा लागेल. तिने विचारलं, तुम्ही निवांतचेच ना? कार्डावर हाच नंबर आहे. मी म्हटलं, बाई, ते कार्ड मी केलंय. मला कार्ड शिकवू नका! नीट वाचा आणि मग फोन लावा.
लोक वाचतच नाहीत. आपण एकेका आकड्यासाठी झुरतो आणि लोक भलताच नंबर दाबतात.

१४ मार्च
चष्मेवाल्याने दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून फोन केला होता, हे नंतर कळलं. अनोळखी नंबर दिसला म्हणून मी त्याला, गादी घ्या, तिच्यावर आडवे व्हा आणि दोघंही उन्हात पडून राहा, असं सांगितलं. त्याने काम काढून घेतलं. डोळे काढून टाकलेला नमुनाही त्याला दिसला होता म्हणे.
एका अर्थी सुटलो. असे क्लायंट कलावंताला पोखरतात.
संकल्प: यापुढे अनोळखी नंबर उचलायचाच नाही.

२० मार्च
बायको माझ्याशी फक्त भिंतीमार्फत बोलते. आज भिंतीला म्हणाली, तो दिवसभर त्या फोनसमोर बसून असतो. आंघोळीला गेला तरी फोन बाहेर स्टुलावर. काल साहेबाला सांगून आला, एक तारखेपासून येतो. व्हॅनला गिऱ्हाईक बघतोय.
मी भिंतीला म्हटलं, मी माझं काम चोख केलं, सही आहे. भिंत काही बोलली नाही. बायको मात्र उठून गेली.
रात्री कार्डाचा नमुना डोळ्यांपुढे आला. मला वाईट वाटतंय का? हो, थोडं. इतकं चांगलं डिझाइन इतक्या वाईट धंद्याला दिलं, याचं.

२४ मार्च
माझा फोन दिवसभर थरथरत असतो. मी उचलत नाही. निग्रह म्हणजे काय ते आता कळतंय.

२८ मार्च, दुपार
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
मी कामाच्या खोलीत होतो. बायको बाल्कनीत होती, दार लोटलेलं. फोन थरथरला. अनोळखी असणार म्हणून पाहिलं, तर स्क्रीनवर बायकोचं नाव! मला भरून आलं. भिंतीमार्फत नाही, थेट. एकाच घरात समोर यायची लाज वाटते म्हणून बिचारी फोन करतेय. मनाशी ठरवलं, ताणायचं नाही. उचलला आणि तिने काही बोलायच्या आत म्हटलं, हे बघ, काही बोलू नकोस. मी सगळं माफ केलंय. तुझ्या भावालासुद्धा.
त्याच वेळी पलीकडून कापऱ्या, म्हातारीच्या आवाजात ऐकू आलं, हॅलो, निवांत का? आमच्याकडे फार ढेकूण झालेत हो, लवकर या.
हाच आवाज बाल्कनीतूनही आला.
बाल्कनीचं दार उघडलं. बायकोच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात फ्रिजवरचं कार्ड. आपल्या नेहमीच्या आवाजात, तीन आठवड्यांनंतर प्रथमच थेट मला म्हणाली, मी ढेकणांच्या माणसाला फोन लावला होता. त्याचा तो फोन एकदा तरी वाजावा म्हणून.
मी कार्ड हातात घेतलं. सात आणि एकच्या मधली जागा खरंच जास्त आहे.

२८ मार्च, संध्याकाळ
सासूबाईंकडे सगळे जमले. मी जाताना फाइल बरोबर घेतली होती. सही दाखवली. मेहुणा म्हणाला, नंबर मी पाठवला होता की मेसेजवर. मला तरी नवा नंबर कुठे पाठ होता! मी मेसेज उघडला. ‘भावोजी, हा घ्या एकदाचा’ या ओळीखाली नंबर होता. शिवी नव्हती. शेवटी हात जोडलेले होते.
बायकोने सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फाइल मिटली. कुणी ओरडलं नाही. मी त्याची तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली. सासूबाईंनी कार्ड लांब धरलं आणि म्हणाल्या, जावईबापू, नंबर मात्र ठसठशीत दिसतो हो.
मेहुण्याने माझा फोन घेतला, महिन्याभरातले अनोळखी नंबर एकेक करून लावले. पहिल्या काहींनी त्याला शिव्या घातल्या. ज्या मी त्यांना दिल्या होत्या त्याच. तो, चूक झाली ताई, आमचा माणूस नवीन आहे, असं म्हणत राहिला.
आमचा माणूस.
मी सुचवलं की कार्डं, पत्रकं, स्टिकर नव्याने छापू, सात आणि एकही सुधारता येईल. मेहुणा म्हणाला, कशाला? हा नंबर आता लोकांच्या घराघरांत आहे, व्हॅनवर आहे. हाच ठेवू. मी म्हणालो, एवढ्या वर्षांचा माझा नंबर, माझे सगळे क्लायंट त्यावर आहेत. बायकोने हात पुढे केला. सिम काढायची पिन मलाच शोधावी लागली.
बदल्यात मला तो नवा फोन मिळाला.

१ एप्रिल
मेहुणा खुर्चीत गेला नाही. साहेबाकडे सकाळी फवारणीला गेला. बूट घालून.

१२ एप्रिल
नवा फोन टेबलाच्या मधोमध ठेवलाय. वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बायको बोलते. भांडी मात्र दणादण घासते.
ठरलं होतं की माझ्यासाठी कुणाचा फोन आला तर मेहुणा निरोप देईल. इतक्या दिवसांत एक निरोप नाही. मुद्दाम दाबून ठेवत असणार. सगळ्या बाजूंनी विचार केला, दुसरं कारण संभवत नाही. शेवटी आज स्वतःच गेलो. तो व्हॅन धूत होता. म्हणाला, नाही हो भावोजी, एकही नाही. म्हटलं, चष्मेवाल्याचाही नाही? म्हणाला, त्याचा आला होता, पण त्याच्या दुकानाला वाळवी लागलीय.
मी निघालो. तो पाइप खाली ठेवून मागे आला. थट्टा करतोय का ते चेहऱ्यावरून कळेना. बहुतेक करत नव्हता.
भावोजी, म्हणाला, तुमचं नवं कार्ड कराल तेव्हा नंबर जरा मोठा टाका.